पाण्याला वाट, मग टाकीला हात : खान्देशातल्या मूर्ती आणि बागा

खान्देशातल्या मूर्ती, देवळं आणि बागा मूर्तिकाराच्या नजरेने बघायच्या, आठवडाभराच्या या फेऱ्याला मार्गशीर्ष बरा. दुपारचं ऊन सोसवतं, आणि कुठे चुन्याचं काम चालू असलं तर तेही नीट बघायला मिळतं. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या आसपास गेला की ओल्या चुन्यातलं पाणी बघता बघता उडतं. चुना धरत नाही, बोट लावलं की भुकटी निघते. सारंगखेड्याची यात्रा दत्तजयंतीला सुरू होते. त्या सुमारास शहादा-नंदुरबारकडे खोली मिळणं अवघड, म्हणून फेरा तिच्या आधी उरकावा.

सोबत चांगली बॅटरी, दहापट दाखवणारं भिंग, मीटरटेप, वही आणि कॅमेरा एवढं पुरे. बॅटरी अंधारासाठी नाही. दगडाच्या अगदी कडेला धरून आडवा उजेड टाकला की समोरून सपाट दिसणाऱ्या पृष्ठभागावरचे टाकीचे (दगड घडवायच्या छिन्नीचे) घाव, पापुद्रे आणि केसाएवढ्या भेगा उठून दिसतात.

सोमवार : जळगाव

सुरुवात देवळापासून न करता बागेपासून करावी. देवळाच्या दगडाचं दुखणं शेकडो वर्षं सावकाश चालतं. बागेतल्या पुतळ्याला तेच दुखणं वीस वर्षांत गाठतं, म्हणून ते तिथे ओळखायला सोपं. काव्यरत्नावली चौक, भाऊंचे उद्यान आणि महात्मा गांधी उद्यान ही सकाळच्या एका फेरीत होतात. बसायच्या जागा, सावली, शिल्पाभोवती सोडलेलं अंतर यांची मापं घेण्यासारखी आहेत. दुरुस्तीचे प्रश्न मात्र तालुक्याच्या गावांतल्या जुन्या बागांत बघावेत.

पुतळा कशाचा आहे हे बोटाच्या पेराने वाजवून कळतं. ब्राँझ घुमतं, फायबर हलकं आणि पोकळ वाजतं, काँक्रीट बद्द. वर सगळ्यांना एकच सोनेरी ऑइलपेंट असल्याने डोळ्यांवर भरवसा ठेवू नये.

सगळ्यात जास्त खराबी काँक्रीटच्या पुतळ्यांची. आतल्या सळीवर निदान २५ मिलिमीटर काँक्रीट हवं. पण बोटं, काठी, धोतराच्या निऱ्या इथे ते पाच-सात मिलिमीटरच उरतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटचा अल्कधर्मीपणा मारत आत सरकतो, सळीपर्यंत पोचला की ती गंजते. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जातं, आणि काँक्रीट आतून फुटतं. तपासायला ताज्या फोडलेल्या जागेवर एक टक्का फिनॉल्फ्थॅलीनचं द्रावण मारतात. गुलाबी झालं तर काँक्रीट अजून शाबूत, रंग आला नाही तर तेवढी खोली गेली. दुरुस्तीत सळीच्या मागे बोट जाईल इतकं, साधारण २० मिलिमीटर, कोरावं लागतं. नुसतं वरून लिंपलं तर पुढच्या पावसाळ्यात तोच तुकडा पुन्हा खाली येतो. सळी घासून झिंकचा प्रायमर, मग पॉलिमर मिसळलेला माल दहा-पंधरा मिलिमीटरच्या थरांनी, आणि प्रत्येक थराला गोणपाट ओलं ठेवून पाणी. एका दिवसात सगळी जाडी भरली की माल आकसतो आणि कडेने सुटतो.

आणि चौथरा. अख्ख्या देशाला ठिबक शिकवणाऱ्या जिल्ह्यात हिरवळीवरचा फवारा रोज संध्याकाळी पुतळ्याच्या पायावर पाणी मारताना दिसतो. बोअरचं जड पाणी वाळलं की पांढरा क्षार उरतो. हिरवळीला टाकलेलं खत मातीतून चौथऱ्यात चढतं आणि पॉलिश केलेल्या फरशीमागे फुगतं. फरशी पडली की दोष गवंड्यावर येतो. उपाय स्वस्त आहे : चौथऱ्याभोवती फूट-दीड फूट रुंद खडीचा पट्टा, हिरवळीचा उतार बाहेरच्या बाजूला, त्या वाफ्यापुरतं ठिबक, आणि नवा चौथरा असेल तर पायाच्या वर ओल अडवणारा थर. हे न करता आधी रंगारी बोलावणं म्हणजे पैसे मातीत.

ब्राँझच्या पुतळ्याला पायाशी पाणी निघायला भोक असतं. रंगाने किंवा सिमेंटने ते बुजलं की पोकळीत पाणी साठतं, आतला लोखंडी सांगाडा गंजतो आणि घोट्याशी तडा जातो. जयंतीला दुधाचा अभिषेक, हाराची तार आणि वर्षानुवर्षांचा सोनेरी रंग या तिन्हींनी मूळ छटा झाकली जाते. रंग काढायला पॉलिशपेपर किंवा वाळूचा मारा वापरला की ओतकामाची त्वचाच जाते. रंग विरघळवणारा लेप लावावा, सौम्य साबणाने धुवावं, पूर्ण वाळल्यावर धातू किंचित गरम करून मायक्रोक्रिस्टलाइन मेण चोळावं. मधमाशीचं मेण नको, ते ६२-६५ अंशांवर वितळतं. मेच्या उन्हात काळा धातू तापला की ते मऊ पडतं आणि धूळ धरतं. मेणाचं काम दरवर्षी, जयंतीच्या आधी नव्हे, पावसाळ्याच्या आधी.

दुपारी भरीत-भाकरी खाऊन निघालं तर संध्याकाळी मुक्ताईनगर.

मंगळवार : चांगदेव

तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेवाचं देऊळ केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. ज्ञानदेवांनी ज्यांना पासष्ट ओव्या लिहिल्या ते हे चांगदेव. मुक्ताईचं स्थानही इथून जवळच, म्हणून वारकऱ्यांचा राबता असतो. सकाळी साडेसात-आठला पोचावं. ऊन तिरपं असतं तेव्हा बाहेरच्या भिंतीवरचं कोरीवकाम वाचता येतं. अकरा वाजता तीच भिंत सपाट दिसते.

अशा देवळाचा दगड चुन्याशिवाय रचलेला असतो. थर घासून बसवलेले, खाचेत कंगोरा, काही ठिकाणी दोन दगड धरायला लोखंडी पट्टी. पाणी सांध्यातून उतरतं आणि सांध्यातूनच वाळतं, ही त्या रचनेची मुळातली सोय. बऱ्याच खेड्यांतल्या देवळांत नंतर कुणीतरी हौसेने सांध्यांत सिमेंट भरलेलं असतं. सिमेंट दगडाहून कमी श्वास घेतं, त्यात विरघळणारे क्षार असतात. ओल सांध्यातून निघेनाशी झाली की ती दगडाच्या तोंडातून निघते आणि नेमकं कोरीवकाम पापुद्रा धरतं. म्हणजे सांधा शाबूत, मूर्तीचं नाक गेलं.

नदीकाठच्या देवळात जोत्याचे खालचे तीन-चार थर बघावेत. हतनूरच्या धरणामुळे या भागात तापीचं पाणी फुगून उभं असतं, आणि उभ्या पाण्याशेजारची माती सहसा वाळत नाही. ओल किती चढली हे पांढऱ्या क्षाराच्या आडव्या रेषेवरून ओळखतात. क्षार काढायचा तर कागदाचा लगदा किंवा पांढरी चिकणमाती क्षारमुक्त पाण्यात कालवून बोटभर जाड लेप देतात, तो स्वतःहून वाळून सुटू देतात आणि पुन्हा देतात. लेपातल्या पाण्याची विद्युतवाहकता उतरेपर्यंत, म्हणजे त्यात क्षार येणं कमी होईपर्यंत, हे चालतं. घाई करून नळीने धुतलं तर क्षार बाहेर येण्याऐवजी आणखी आत जातो.

संरक्षित स्मारकाला यातलं काहीही बाहेरच्याने करायचं नसतं, पाणी शिंपडून बघणंसुद्धा नाही. हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगीचं बंधन आहे. देवस्थान समित्या भक्तनिवासाचा नकाशा काढून झाल्यावर हे विचारतात, आधी विचारावं.

बुधवार : एरंडोल, पद्मालय आणि पारावरचे मारुती

पद्मालयला उजव्या आणि डाव्या सोंडेचे दोन गणपती एकाच गाभाऱ्यात आहेत. कमळाचं तळं, काळ्या दगडाचं देऊळ, तासाभरात होतं. या दिवसाचं खरं काम वाटेवरच्या गावांत आहे, कारण पारावर शेंदूर चढलेला मारुती प्रत्येक गावात भेटतो.

शेंदूर म्हणजे मुळात शिशाचं तांबडं ऑक्साइड, तेलात कालवलेलं. तेल वाळतं, घट्ट होतं, त्यावर दर शनिवारी नवा थर. कित्येक पिढ्यांत नाक-डोळे जाऊन मूर्तीचा गोळा होतो. आत ओल अडकली किंवा उन्हाने थर ताणला गेला की हे कवच एक दिवस आपोआप सुटतं आणि गावात चमत्काराची बातमी होते. खान्देशातून चैत्रात लाखो लोक जिथे पायी जातात त्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचं शेंदराचं कवच २०२२ मध्ये रीतसर काढलं गेलं आणि खालचं मूळ रूप समोर आलं. तेव्हापासून गावोगावच्या समित्या आपल्याही मूर्तीचं विचारू लागल्या आहेत.

काढायचं तर क्रम असा. आधी गावाची संमती आणि पुजाऱ्याकडून कलाकर्षण : देवत्व कलशात घेऊन काम संपेपर्यंत पूजा कलशाची. मग चारी बाजूंनी फोटो आणि मापं. मग न दिसणाऱ्या जागी, शक्यतो मागे, दोन बोटं चौकोनात चाचणी. बांबूची किंवा लाकडाची पाती वापरायची, लोखंडी टाकी नाही. गॅसच्या बत्तीने तापवून काढायचा मोह होतो, कारण काम अर्ध्या दिवसात उरकतं; पण शिशाची वाफ माणसाला मारक आणि असमान तापलेला दगड पापुद्रा सोडतो. मास्क, हातमोजे, खाली ताडपत्री. निघालेला शेंदूर नदीत विसर्जन करायची पद्धत आहे. तो शिशाचा माल आहे, पाण्यात जाऊ देऊ नये, हे गावाला आधीच समजावावं लागतं. नंतर समजावलं तर वाद होतो.

खाली काय निघेल याची खात्री कुणी देऊ नये. कधी सुबक मूर्ती निघते, कधी नुसता तांदळा (न घडवलेला दगड), कधी सिमेंटने जोडलेला हात.

मग प्रश्न येतो वज्रलेपाचा. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वज्रलेप आहे : कच्ची टेंभुर्णी, कवठ, सावरीची फुलं वगैरे पाण्यात उकळून आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायचं आणि त्यात राळ-डिंक घालायचे. आज बाजारात त्या नावाने मिळतं ते बहुतेक वेळा इपॉक्सी असतं. ते श्वास घेत नाही, उजेडाने पिवळं पडतं आणि निघताना दगडाचा पापुद्रा घेऊन निघतं. झीज थांबवायची असेल तर दही-मध-साखरेचा अभिषेक धातूच्या उत्सवमूर्तीवर करावा आणि मूळ मूर्तीला साधं पाणी घालून लगेच मऊ कापडाने टिपावं. दह्याचं आम्ल सलग काळ्या दगडाला फारसं खात नाही, पण त्यातल्या पांढऱ्या ठिपक्यांना, विशेषतः चुनखडीच्या स्फटिकांना, खातं आणि तिथे खड्डा पडतो.

गुरुवार : वाघळी, पाटणादेवी

चाळीसगावला मुक्काम ठेवावा. वाघळी जवळच, तिथला शके ९९१ चा शिलालेख अभ्यासकांना ठाऊक आहे. मग पाटणादेवी, चाळीसगावपासून सुमारे १८ किलोमीटर, गौताळा अभयारण्याच्या कुशीत.

पाटणचा शके ११२८ चा लेख भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याचा. आजोबांचा सिद्धांतशिरोमणी आणि इतर ग्रंथ शिकवायला मठ काढला, निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं, आणि लेखाच्या शेवटी बाजारातल्या मालावरच्या उत्पन्नाचा वाटा जुन्या मराठीत नोंदवला आहे. (संगमावरचे चांगदेव वेगळे, गल्लत नेहमी होते.) कोरीव अक्षरं वाचायला लोक खडू, पीठ, तेल भरतात. खडू रंध्रांत बसतो, तेलाला धूळ चिकटते. आडव्या उजेडात चारी दिशांनी चार फोटो घेतले तर बरंच काही लागतं, दगडाला बोट न लावता.

चंडिकादेवीचं देऊळ उंच चौथऱ्यावर आहे. इथे दोन गोष्टी निवांत बघाव्यात, झाडं आणि पाणी.

डोंगर तिन्ही बाजूंनी, पक्षी भरपूर. त्यांच्या विष्ठेतून पिंपळ-उंबराचं बी शिखराच्या सांध्यात पडतं. पहिल्या वर्षी रोप वीतभर आणि मूळ नखाएवढं असतं, तेव्हाच ते हाताने निघतं. तीन वर्षांनी ओढलं तर मुळासोबत दगड येतो. म्हणून मोठं झालेलं झाड ओढायचं नाही : बुंधा सांध्यालगत कापायचा, लगेच, चीक सुकायच्या आत, कापलेल्या तोंडावर तणनाशक ब्रशने लावायचं, मूळ जागीच मरू द्यायचं आणि मग सांधा चुन्याने भरायचा. नुसती छाटणी म्हणजे त्याला धुमारे फोडायला मदत.

आणि प्रणाल. जुन्या बांधणाऱ्यांनी अभिषेकाचं पाणी गाभाऱ्याबाहेर काढायला बहुधा उत्तरेच्या बाजूला दगडी पन्हळ ठेवलेली असते, तोंडाशी मकर किंवा गोमुख. कुठल्याही देवळात गेलं की आधी हे तोंड शोधावं आणि खाली जमीन ओली आहे का पाहावं. नव्या टाइल्स बसवताना गाभाऱ्याची जमीन दोन इंच वर येते, पन्हळीचं आतलं तोंड बुजतं आणि रोजचं बादलीभर पाणी पायात मुरतं. मग भिंत ओली, शेवाळ, वटवाघळं, आणि समिती शिखराच्या गळतीवर खर्च करत बसते. मूर्तिकाराला बोलावलं असेल तर त्याने मूर्तीकडे बघण्याआधी एक बादली पाणी ओतायला सांगावं. ते कुठून बाहेर येतं, किती वेळाने येतं, की येतच नाही, यावर पुढचा सगळा अंदाज ठरतो.

शुक्रवार : धुळे

राजवाडे संशोधन मंडळाच्या संग्रहात खान्देशातली शिल्पं जवळून बघता येतात. देवळात वीस फूट वर असलेलं काम इथे डोळ्यांसमोर येतं, म्हणून टाकीच्या खुणा ओळखायला ही जागा चांगली.

नवी मूर्ती घडवायची तर हिशेब दगडापासून सुरू होतो. काळ्या दगडाचा एक घनफूट साधारण ८० किलो भरतो. तीन फुटी उभ्या मूर्तीला खाली पीठात बसणाऱ्या कुसासाठी नऊ इंच आणि चारी बाजूंनी दीड-दोन इंच जादा धरले की चार फूट × दोन फूट × सव्वा फूट, म्हणजे दहा घनफूट, ८०० किलो. एवढा दगड हातगाडीवर येत नाही. चेनपुली आणि तिकाटणं (तीन खांबांची घोडी) लागतं. समित्या मूर्तीची किंमत विचारतात आणि गाभाऱ्याच्या दाराची रुंदी मोजत नाहीत.

दगड वाजवून घ्यावा. खणखणीत वाजला तर सलग. बद्द वाजला तर आत चीर किंवा पोकळी. दुसरी कसोटी पाण्याची : अख्खा दगड भिजवून सावलीत वाळू द्यावा. सगळा वाळल्यावर जी काळी रेघ ओली राहते ती चीर. ती चेहऱ्यातून जात असेल तर दगड फिरवून घ्यावा किंवा सोडून द्यावा.

शास्त्रातलं नवताल माप म्हणजे चेहऱ्याच्या नऊपट उंची, १२ अंगुळांचा एक ताल, एकूण १०८ अंगुळं. आधी समोरून आणि बाजूने रेषा आखायच्या, घणाने कोपरे उडवायचे, मग जाड टाकी, मग दातेरी, शेवटी घासणी. पोलादी टाकी काळ्या दगडावर लवकर बोथट होते आणि वारंवार भट्टीत घालून शेवटावी, म्हणजे पुन्हा टोक काढून घ्यावी, लागते. कार्बाइडच्या टोकाची जास्त टिकते, पण तिरपी लागली तर टोकच उडतं. कडा संपते तिथे आत मारावं, बाहेर मारलं की कान गेला. ग्राइंडरने वेळ वाचतो, मात्र चकतीची रेघ खोल गेली की ती काढायला अख्खा गाल एक सूत खाली घ्यावा लागतो, आणि मग दुसराही.

सार्वजनिक जागेतल्या पुतळ्याचं मातीचं प्रतिरूप कला संचालनालयाकडून मंजूर करून घ्यावं लागतं. ओतकाम त्यानंतर. उद्घाटनाची तारीख आधी ठरवणाऱ्यांचं इथे हटकून अडतं.

शनिवार : साक्री, बळसाणे

धुळ्याहून साक्रीकडे जाताना शेतांमधून काळ्या भिंतीसारख्या लांबच लांब टेकड्या दिसतात. त्या भूगर्भातल्या भेगांत घुसून थिजलेल्या लाव्ह्याच्या भिंती, डाइक. धुळे-नंदुरबारकडे त्या मोठ्या संख्येने आहेत आणि बहुतेक पूर्व-पश्चिम धावतात. मूर्तिकाराला त्यांचं अप्रूप यासाठी की वरच्या लाव्ह्याच्या थरांत वायूचे बुडबुडे आणि त्यात झिओलाइटचे पांढरे स्फटिक असतात, डाइकच्या दगडात ते सहसा नसतात. दाणा सारखा, घट्ट. अडचण चिरांची. थंड होताना तो आडव्या खांबांत फुटतो, त्यामुळे मोठा सलग तुकडा मिळणं कठीण. कडेचा, पटकन थंड झालेला भाग काचेसारखा ठिसूळ असतो, तो घेऊ नये.

बळसाण्याचा मध्ययुगीन मंदिरसमूह याच दगडांच्या मुलखात आहे. गावातलं विमलनाथाचं जैन तीर्थही प्रसिद्ध. देवळांमधलं बारीक नक्षीकाम आणि साधे खांब यांचा दगड भिंगातून शेजारी शेजारी बघावा. बुडबुड्याचा दगड जिथे आला तिथे घडवणाऱ्याने नक्षी मोठी आणि ढोबळ ठेवायची, हा या कामातला साधा व्यवहार. निखळलेला तुकडा पुन्हा बसवायचा तर ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलची सहा मिलिमीटरची खुंटी आठ मिलिमीटरच्या भोकात. साधी सळी गंजून तोच तुकडा पुन्हा फोडते. गेलेला हात नवा करून जोडण्याच्या फंदात मात्र पडू नये. मूळ हातात काय होतं याचा अंदाज चुकला की देवताच बदलते.

रविवार : प्रकाशा

तापीकाठच्या या गावाला दक्षिणकाशी म्हणतात. केदारेश्वर, संगमेश्वर आणि घाट. १९५५ मध्ये इथे झालेल्या उत्खननात ताम्रपाषाण काळापासूनची वस्ती सापडली. बॅरेजमुळे आता पाणी बराच काळ उभं असतं, त्यामुळे घाटाच्या ठरावीक पायऱ्या कायम ओल्या आणि शेवाळलेल्या.

पायरी पुन्हा बसवताना मीटरला दोन सेंटिमीटर उतार नदीकडे ठेवावा. ओल्या जागेचा माल : एक भाग मुरलेला चुना, एक भाग सुरखी (विटांची भुकटी), दोन भाग कोनदार दाण्याची वाळू. चुना विरवून निदान तीन आठवडे पाण्याखाली ठेवावा. न विरलेला खडा राहिला तर तो सांध्यात नंतर फुगतो आणि फूल उमलल्यासारखा माल उडवतो. गूळ आणि हिरड्याचं पाणी जुनी माणसं घालतात, ते ठीक, पण हात सैल सुटला की बुरशी धरते. सांधा भरल्यावर ओलं गोणपाट दोन आठवडे, आणि सांध्याची पहिली तपासणी पूर ओसरल्यावर.

संध्याकाळी नंदुरबार. स्टेशन सुरत-भुसावळ मार्गावर आहे, जळगावकडे परतायला तीच गाडी सोयीची. वेळ उरला तर ९ सप्टेंबर १९४२ ला गोळीबारात पडलेल्या शिरीषकुमार आणि त्याच्या चार सोबत्यांच्या स्मारकाशी जाऊन यावं, आणि जाताना चौथऱ्याचा उतार कुठल्या बाजूला आहे तेही बघावं.